अडीचची वायर की चारची?

बेळगावातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानाच्या काउंटरवर सकाळी दहाच्या सुमाराला थोडा वेळ उभं राहून बघा. खानापूरहून आलेला, येळ्ळूरहून आलेला, संकेश्वरकडचा, सगळ्यांची मागणी एकाच चालीत असते. "अडीचची एक कॉइल द्या, लाल." फार तर पुढे, "गीझरला घालायची हाय." कॉइल पिशवीत जाते, पैसे गल्ल्यात जातात. वायर किती लांब जाणार, भिंतीतून जाणार की पत्र्याखालून, तिच्या तोंडाशी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण) किती अँपिअरचा आहे, हे तीन प्रश्न बहुतेक वेळा कुणीच विचारत नाही. वायरीचा आकार ठरतो तो मात्र याच तीन प्रश्नांवर.

मी अठ्ठावीस वर्षं खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात वायरिंगची कामं घेतो आहे. या काळात जळालेल्या वायरी मी जितक्या उपसल्या, त्यातल्या फार थोड्या मुळात खराब होत्या. बहुतेक चांगल्या कंपनीच्या, शिक्का असलेल्या आणि चुकीच्या जागी घातलेल्या होत्या. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

आधी 'अडीच' म्हणजे काय ते बघू. अडीच म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर. वायर आडवी कापली की आतल्या तांब्याचा जो गोल दिसतो, त्याचं ते क्षेत्रफळ. तो व्यासही नव्हे आणि जाडीही नव्हे. एकच्या वायरीतल्या तांब्याचा व्यास साधारण १.१३ मिलिमीटर, चारच्या वायरीत २.२६. म्हणजे डोळ्यांना जाडी दुप्पट दिसते, पण आत तांबं चौपट असतं. आणि मोजायचं ते फक्त तांबं. वरचं प्लॅस्टिक जाड करून वायर दणकट दाखवणं सोपं असतं, हाताला ती फसवते.

आमच्याकडची जुनी मंडळी अजून गेजमध्ये बोलतात. एक-अठरा, तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस. यातला पहिला आकडा तारांचा, दुसरा प्रत्येक तारेच्या गेजचा, आणि गेज जितका मोठा तितकी तार बारीक. एक-अठरा आणि तीन-बावीस दोन्ही १.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास येतात, सात-वीस साडेचारच्या थोडं वर. घोळ होतो तो तीन-वीसला. तिचं क्षेत्रफळ जवळजवळ दोन येतं आणि आजच्या मापांत दोनची वायर सहसा मिळत नाही. मग एक दुकानदार दीडची देतो, दुसरा अडीचची, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण वडिलांच्या वेळचीच वायर घेतली. म्हणून मागताना चौरस मिलिमीटरमध्येच मागा.

आता खरा विषय, उष्णता. तांब्यातून करंट गेला की तांबं तापतं. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. वायरीचं सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं. घरात वापरतात ती साधी पीव्हीसीची वायर आत तांब्याला ७० अंश सेल्सिअसपर्यंत सहन करते. त्यावर गेली म्हणून ती त्याच दिवशी पेट घेत नाही. पीव्हीसी हळूहळू मऊ पडतं, मग वर्षा-दोन वर्षांत कडक होतं, वाकवलं की तडकतं, आणि एक दिवस फेज-न्यूट्रल, म्हणजे करंट नेणारी आणि परत आणणारी तार, एकमेकींना चिकटतात. भिंतीत हे चाललेलं कुणाला दिसत नाही.

वायर किती करंट नेऊ शकते याचे तक्ते असतात. भिंतीतल्या पाइपमधून एकाच सर्किटच्या फेज-न्यूट्रल अशा दोन तारा जातात आणि भोवतालचं तापमान ३० अंश आहे, असं धरलं तर तांब्याच्या दीडच्या वायरीला १७.५ अँपिअर, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१ असे आकडे आहेत. कंपन्यांच्या कॉइलवर छापलेले आकडे यापेक्षा कमी असू शकतात, कारण त्यांनी तापमान आणि वायर टाकायची पद्धत वेगळी धरलेली असते. दोन्हींतला कमी आकडा धरावा, असं माझं मत.

करंट काढणं सोपं आहे. उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले २३०. दोन हजार वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, तीन हजारचा लगेच पाणी तापवणारा गीझर १३, हजार वॅटची इस्त्री ४.३. मोटार असलेल्या वस्तूंना हा हिशेब थोडा अपुरा पडतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता एमसीबी. आमच्याकडे त्याला बटण म्हणतात, काही जण अजून फ्यूजच म्हणतात. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं एमसीबी गीझर वाचवायला, टीव्ही वाचवायला बसवतात. तसं नाही. एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो. म्हणून नियम असा की उपकरणांचा करंट एमसीबीपेक्षा कमी हवा आणि एमसीबीचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. तीन पायऱ्या आहेत: सगळ्यात खाली भार, मध्ये एमसीबी, सगळ्यात वर वायर. हा क्रम उलटला की धोका सुरू झाला.

खानापूर तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. मोसम गणपतीचा, बाहेर धो धो पाऊस. पुण्याला नोकरी करणारा मुलगा आईसाठी तीन हजार वॅटचा गीझर आणि दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी घेऊन आला. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला, दोन्ही एकाच जुन्या सर्किटवर, वायर दीडची, एमसीबी १६ चा. त्यात पावसात कपडे वाळेनात म्हणून इस्त्री. १३ आणि ६.५ आणि ४.३, एकूण जवळजवळ २४ अँपिअर. १६ चा एमसीबी पडणारच. गावातल्याच कुणीतरी येऊन ३२ चा बसवून दिला. पुढच्या पावसाळ्यात भिंतीतून वास यायला लागला तेव्हा मला बोलावलं.

मी पॅनेल उघडून म्हणालो, "मावशी, हे बटण बदललंय ते चुकलंय."

"आता कुठं चुकतंय रे बाबा," त्या म्हणाल्या, "आधीचं सारखं पडूलालं होतं की. हे एकदाबी पडलं नाही बघ."

त्यांचं म्हणणं ऐकून मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर पडणारं बटण खराब आणि न पडणारं चांगलं, हे अगदी सरळ आहे. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं ते इथेही मांडतो. दीडची वायर १७.५ अँपिअरला ३० अंशांवरून ७० पर्यंत चढते, म्हणजे ४० अंश वर. २४ अँपिअर म्हणजे त्याच्या १.३७ पट करंट, उष्णता १.३७ गुणिले १.३७, जवळजवळ १.९ पट. चाळीसऐवजी पंचाहत्तर अंश वर. म्हणजे भिंतीत तांबं १०५ अंशांवर, चहाच्या उकळीपेक्षा गरम. आणि ३२ चा एमसीबी हे मुकाट्याने बघत बसतो, कारण त्याच्या दृष्टीने २४ हा करंट कमीच आहे. एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटपर्यंत तासभरसुद्धा पडायला बांधील नाही, १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. ३२ च्या १.४५ पट म्हणजे ४६. तोवर दीडच्या वायरीचं काय राहील?

त्या घरात मी गीझरला स्वतंत्र चारची वायर आणि २० चा एमसीबी दिला, स्वयंपाकघराच्या पॉवर प्लगला वेगळी अडीचची आणि १६ चा, आणि दिव्या-पंख्यांच्या जुन्या दीडवर १० चा. तेव्हापासून बटण पडत नाही. आता त्याचं न पडणं बरोबर आहे.

तीन हजारच्या गीझरचे तेरा अँपिअरच होतात, मग २४ ची क्षमता असलेली अडीचची वायर का नाही चालणार, चार कशाला? हा प्रश्न रास्त आहे. तक्त्यातला आकडा ३० अंशांतल्या, पाइपमध्ये एकट्याच असलेल्या सर्किटचा असतो आणि आपल्या घरांत वायर तशी राहत नाही.

खानापूरच्या मंगळुरी कौलांच्या घरात माळ्यावर वारा खेळतो. पण आता कौलं उतरवून पत्रा घालायची पद्धत आली. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या पाइपभोवती ४५ अंश सहज होतात. सत्तरची मर्यादा तीच राहिली आणि सुरुवातच पंचेचाळीसपासून झाली, तर वायरीला तापायला उरलेली जागा चाळीस अंशांवरून पंचवीसवर येते. ४५ अंशांना पीव्हीसी वायरीची क्षमता ०.७९ ने गुणायची असते. त्यात एकाच पाइपमध्ये दोन सर्किटं ओढली असतील तर ती एकमेकांना तापवतात, म्हणून आणखी ०.८ ने. तीन असतील तर ०.७. करून बघा: २४ गुणिले ०.७९ गुणिले ०.८, उत्तर १५ च्या थोडं वर. म्हणजे २४ ची वायर १५ ची झाली आणि तिच्या तोंडावर १६ चा एमसीबी बसलाय. पायऱ्यांचा क्रम तिथेच उलटला, आणि घरात कुणीही चुकीचं काही वापरलेलं नसताना. चारची वायर याच जागी २० च्या वर राहते.

वडगाव, खासबागकडच्या जुन्या घरांत यंत्रमागाच्या मोटारी आणि घरची लाइट एकाच जाड पाइपमधून नेलेली मी पाहिली आहे. पाइपमध्ये जागा आहे म्हणून अजून एक वायर ओढायची, हे विणकराच्या घरात चालणाऱ्या कामाच्या वेळांना तर फारच वाईट, कारण माग तासन्‌तास चालतो, वायरीला गार व्हायला वेळच मिळत नाही. गीझर वीस मिनिटांनी बंद होतो, माग होत नाही. सतत चालणाऱ्या भाराला पाइप वेगळा हवा, यात तडजोड नको.

मंडपाच्या कामात हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. गुंडाळीवरची एक्स्टेन्शन वायर अर्धीच उलगडून तिच्यावर हॅलोजन लावतात. उरलेली गुंडाळी म्हणजे एकाच ठिकाणी वीस फेरे, प्रत्येक फेरा शेजारच्याला तापवतो. गुंडाळी पूर्ण सोडून अंथरा, मग लोड द्या.

इथवर झालं ते उष्णतेचं. दुसरी गोष्ट अंतराची, आणि आमच्या भागात ती जास्त नडते. शहरातल्या घरात मीटरपासून शेवटच्या प्लगपर्यंत वीस-पंचवीस मीटर होतात. गावाकडे विहीर खाली ओढ्याला, गोठा पलीकडे, आणि बोअर भलतीकडे.

कालव्याच्या शेपटीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. तोंडाशी पाट भरून वाहतो, वाटेत जमीन पिते, आणि शेवटच्या वावरात बोटभर पाणी पोचतं. व्होल्टेजचं असंच होतं. वायरीचा रोध, म्हणजे ती करंटला करते तो अडथळा, वाटेत व्होल्टेज खातो. वायर जितकी लांब आणि बारीक, करंट जितका जास्त, तितकी घट जास्त. सिंगल फेजला हिशेब असा: अंतर दोनने गुणायचं, कारण करंट जातो तसा न्यूट्रलमधून परतही येतो. त्याला करंटने गुणायचं आणि वायरीच्या दर मीटर रोधाने गुणायचं. तांब्याच्या मऊ वायरीचा रोध दर किलोमीटरला दीडसाठी १३.३ ओहम, अडीचसाठी ७.९८, चारसाठी ४.९५, सहासाठी ३.३, दहासाठी १.९१ यापेक्षा जास्त नसावा असं भारतीय मानक सांगतं. दिव्यांना ३ टक्के आणि बाकीच्या भाराला ५ टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणजे २३० वर अनुक्रमे ७ आणि साडेअकरा व्होल्ट.

जांबोटीच्या बाजूला एका घराची पिण्याच्या पाण्याची विहीर घरापासून १६० मीटर खाली आहे. दीड एचपीची सिंगल फेज मोटार, चालताना साधारण १० अँपिअर. अडीचची वायर टाकलेली, झाडांवरून झाडांवर. दोन वर्षांत मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, दोनदा जळालं. घरमालक मोटारीला नावं ठेवत होते, वाइंडिंगवाला व्होल्टेजला. मी मीटर घेऊन आधी घरातलं व्होल्टेज मोजलं, २१५ होतं, ठीक आहे. मग मोटार चालू ठेवून विहिरीवर मोजलं, १९० च्या आत. कागदावरही तेच येतं: ३२० मीटर, १० अँपिअर, ०.००७९८ ओहम, गुणाकार साडेपंचवीस व्होल्ट. म्हणजे अडीचशे वॅट वीज नुसती झाडांवर तापत होती.

पण मोटार जळते ती चालताना नव्हे इतकी, सुरू होताना. सुरू होताना मोटार चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. आपण फक्त ३० अँपिअर धरू. तेवढ्यानेही वाटेत ७७ व्होल्ट पडतात आणि मोटारीला मिळतात १३८. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. १३८ म्हणजे २३० च्या साठ टक्के, आणि जोर त्याचा वर्ग, छत्तीस टक्के. एवढ्या जोरावर भरलेला पंप उठत नाही, घरघरत बसतो, आणि घरघरत असताना तो मोठा करंट वाइंडिंगमधून जातच राहतो. घरमालकाला ऐकू येत होतं ते "मोटार घेत नाही" एवढंच.

तिथे आम्ही सहाची, आत तीन तारा असलेली आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल पाऊण मीटर खोल चर खणून पुरली, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही तिच्यातच. आता चालताना घट दहा व्होल्ट, आणि सुरू होताना मोटारीला १८५ च्या आसपास मिळतात, म्हणजे जोर पासष्ट टक्के. पंप उठतो. खर्च मोठा झाला हे खरं, तांबं स्वस्त नाही. पण दोन वाइंडिंग, चार वेळा मोटार वर काढायची मजुरी आणि बाहेरून मागवलेलं पाणी हेही खर्चच होते.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. १० अँपिअरला अडीचची वायर उष्णतेच्या दृष्टीने भरपूर होती. ती कधीच मर्यादेबाहेर तापली नसती, एमसीबी कधीच पडला नसता. तापण्याच्या परीक्षेत पास झालेली वायर अंतराच्या परीक्षेत नापास होऊ शकते. दोन्ही हिशेब करायचे आणि जो मोठा आकार सांगेल तो घ्यायचा.

चिक्कोडी, अथणीकडे ऊस आणि बोअर, तिथे तीन फेजचे पंप. तीन फेजला घट कमी असते, कारण अंतराला दोनऐवजी १.७३ ने गुणायचं आणि करंटही तीन वायरींत वाटला जातो. ५ एचपीचा पंप दर फेजला साधारण साडेसात अँपिअर घेतो. म्हणून कमी आकारातही भागतं. पण बोअरच्या बाबतीत एक चूक मी वारंवार बघतो: लोक मीटर पेटीपासून बोअरच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजतात आणि तिथेच थांबतात. बोअर चारशे फूट असेल तर आणखी १२० मीटर वायर सरळ खाली जाते. तीही त्याच हिशेबात धरायची. १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज मोफत आहे, त्यामुळे वायरीत वाया जाणारी वीज बिलात दिसत नाही. ती दिसते मोटारीच्या दुरुस्तीत.

न्यूट्रलकडे फार दुर्लक्ष होतं. फेजला चारची वायर घालतात आणि न्यूट्रल जुनीच दीडची ठेवतात, "त्यात करंट नसतो" म्हणून. सिंगल फेजमध्ये जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, एक कणही कमी नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे तीन सर्किटांना तीन एमसीबी देऊन न्यूट्रल मात्र एकच फिरवणं. तिन्हींची फेज एकच असेल तर १६ अधिक १६ अधिक १६ असा ४८ अँपिअरपर्यंतचा भार त्या एका न्यूट्रलवर येऊ शकतो, आणि एकही एमसीबी पडणार नाही, कारण प्रत्येकाला आपलाच करंट दिसतो. जुन्या घरात काम करताना मी सगळ्यात आधी हेच तपासतो. प्रत्येक सर्किटला त्याची स्वतःची न्यूट्रल, त्याच मापाची. अर्थिंगची वायरही १६ चौरस मिलिमीटरपर्यंत फेजच्याच मापाची घ्यावी. लाल-पिवळी-निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. कॉइल संपली म्हणून उरलेल्या हिरव्या वायरीतून फेज नेऊ नका, पुढे काम करणाऱ्याचा जीव त्यात जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवायला जरूर बसवा, पण तो वायरीचं तापणं ओळखत नाही. एमसीबीची जागा तो घेऊ शकत नाही.

अजूनही मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची असते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून ढोबळ मानाने एक पायरी वरची घ्यावी लागते: तांब्याची अडीच जिथे पुरते तिथे अॅल्युमिनियमची चार. त्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो सांधा. तांबं आणि अॅल्युमिनियम सरळ एकमेकांना पिळून वर टेप गुंडाळली तर आमच्या पश्चिमेकडच्या दमट हवेत तो सांधा आतून कुरतडला जातो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा कनेक्टरच वापरा. वायरीचा आकार कितीही बरोबर असो, ढिला सांधा तिथल्या तिथे जळतो.

नवीन घर बांधताना मी साधारण असं करतो. दिवे-पंख्यांना दीडची वायर आणि १० चा एमसीबी. पॉवर प्लगला अडीच आणि १६ चा, पण एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त प्लग नाहीत. गीझर, एसीला प्रत्येकी स्वतंत्र चार आणि २० चा. मीटरपासून आतल्या पॅनेलपर्यंत, वीज कंपनी हेस्कॉमकडून पाच किलोवॅट मंजूर असेल तर करंट २२ अँपिअरच्या आत येतो आणि सहाची पुरते, तरी मी दहाची घालतो. भिंत एकदा लिंपली की तिथली वायर बदलणं म्हणजे घर फोडणं, आणि पाच वर्षांनी घरात काय काय येईल ते आज कुणालाच सांगता येत नाही. आमच्या बरोबर काम करणारे कन्नड वायरमन एका वाक्यात सांगतात, "दप्प वायर हाकी." जाड वायर घाला. मुख्य वायरीपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. मात्र जाड वायर घातली म्हणून एमसीबीही मोठा घालायचा असं नव्हे. दिव्यांच्या सर्किटला चारची घातलीत तरी तिथे १० चाच ठेवा, कारण पुढे होल्डरपर्यंत जाणारी बारीक वायर तीच आहे.

कॉइल घेताना आयएसआय चिन्ह आणि त्याच्याजवळचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बघा, आणि वायरीवरच माप छापलेलं आहे का ते बघा. आणखी एक साधी परीक्षा आहे ती तराजूची. ९० मीटरच्या अडीचच्या कॉइलमध्ये नुसतं तांबं पावणेदोन ते दोन किलो भरतं, वरच्या पीव्हीसीचं वजन वेगळं. अख्खी कॉइलच दीड किलोची भरली तर आत तांबं कमी आहे, किंवा वायर ९० मीटर नाही, किंवा तांब्यासारखं दिसणारं दुसरंच काही आहे. सुरीने टोक खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियमवर चढवलेलं तांबं आहे.

काम झाल्यावर कंत्राटदाराला लगेच सोडू नका. त्याच्यासमोर त्या सर्किटवरचं सगळं एकदम चालू करा, गीझर, इस्त्री, जे काय असेल ते, आणि अर्धा तास चालू द्या. मग प्लगच्या पाटीला आणि एमसीबीच्या पुढच्या भागाला वरून हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर नाही. सगळं चालू असतानाच पॅनेलवरचं आणि शेवटच्या प्लगवरचं व्होल्टेज त्याच्याकडून मोजून घ्या. फरक साडेअकरा व्होल्टच्या वर असेल तर आधी वाटेतले सांधे उघडून घट्ट करायला सांगा आणि पुन्हा मोजा. तरीही फरक तेवढाच राहिला तर वायर बदला, भिंत अजून ओली आहे तोवर.